लाडू किती, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहा

प्रति,
पुणे शहर व परिसरातील रुग्णालयांची व्यवस्थापनं
आणि आरोग्यविमा कंपन्यांचे दावे विभाग

विषय : दिवाळीत घरी सोडले जाणारे रुग्ण, त्यांचा फराळ आणि सुट्टीच्या चार दिवसांतली तुमची जबाबदारी

स. न. वि. वि.

वसुबारस जवळ आली की शहरातले वॉर्ड भराभर रिकामे होऊ लागतात. ज्यांना घरी सोडता येईल त्यांना सोडलं जातं, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. दिवाळी घरी व्हावी असं रुग्णाला वाटतं, तेवढंच आम्हालाही वाटतं. तक्रार आहे ती त्या घाईत हातात पडणाऱ्या कागदाबद्दल. त्यावर आहाराच्या रकान्यात तीनच गोष्टी असतात : मीठ कमी, गोड टाळा, तळलेलं टाळा. घरी पोचल्यावर तासाभरात फराळाचं ताट पुढे येतं. चकली चालेल का? किती? बेसनाचा लाडू द्यावा की रव्याचा? करंजीतलं खोबरं चालतं का? या प्रश्नांची उत्तरं वैद्यकीय आहेत, आणि ती शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिली जातात.

आम्ही रुग्णांचे नातेवाईक आहोत. कुणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कुणाकडे हृदय कमजोर झालेले वडील, कुणाकडे इन्सुलिनवरची आई, कुणाकडे पक्षाघातातून सावरणारे काका. वर्षभर पथ्य सांभाळणारे हेच लोक आहेत. त्यांना पाडव्याच्या सकाळी एक चकली आणि अर्धा लाडू हवा असतो. नीट मोजून, आजार बघून दिला तर बहुतेकांना तो देता येतो. ‘टाळा’ एवढंच लिहिलं की घरात दोनच प्रकार होतात. एक तर सगळं कुलूपबंद करून रुग्णाला पोरका केला जातो, नाही तर ‘सणाचं एवढं काय होतंय’ म्हणत सगळं मोकळं सोडलं जातं. दुसऱ्या प्रकारातले रुग्ण भाऊबीजेच्या रात्री तुमच्याच कॅज्युअल्टीत येतात, धापा टाकत.

म्हणून पहिला मुद्दा फराळाचाच, आणि तो सविस्तर मांडतो.

छापील पथ्य सगळ्यांना सारखं असतं, पण आजार सारखे नसतात. मधुमेहाच्या रुग्णाला रव्यापेक्षा बेसन बरं, कारण बेसनाने साखर सावकाश चढते. तोच बेसनाचा लाडू किडनीच्या रुग्णाला अडचणीचा, कारण डाळीच्या पिठात पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतं. त्याला रव्याचा लाडू तुलनेने बरा. गूळ घालून केलेला पदार्थ ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेह्याला दिला जातो, आणि गुळाने रक्तातली साखर साखरेइतकीच वाढते. किडनीच्या रुग्णाला गूळ साखरेपेक्षाही वाईट, कारण गुळात पोटॅशियम असतं आणि पांढऱ्या साखरेत ते जवळपास नसतंच. चिवड्यातलं सुकं खोबरं, शेंगदाणे, डाळं, काजू, बेदाणे हे सगळं हृदयाच्या रुग्णाला मोजून चालू शकतं. डायलिसिसच्या रुग्णासाठी ते वेचून काढावं लागतं. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होत असेल तर साखर-मीठ दूरच, चिवडा आणि शेव यांचा कोरडा भुगाच श्वासनलिकेत जायची भीती. तशा माणसाला घट्ट, एकसारखं श्रीखंड चिवड्यापेक्षा कितीतरी सुरक्षित, साखर परवानगीत असेल तर. केमोथेरपी चालू असून पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर घरची ताजी तळलेली चकली चालेल, पण सुटी विकली जाणारी खव्याची मिठाई नको. एवढे फरक एका ओळीच्या पथ्यात कसे मावणार?

आता प्रमाणं. ४ वाट्या भाजणीत, म्हणजे साधारण अर्ध्या किलोत, घरोघरी चहाचे २ चमचे मीठ पडतं. ते होतं १० ते १२ ग्रॅम. त्यातून ४० च्या आसपास चकल्या निघतात, म्हणजे एका चकलीत पाव ते ०.३ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची निरोगी माणसासाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. हृदयाच्या रुग्णाला तुम्ही ३ ग्रॅम लिहून दिलं असेल, तर ४ चकल्यांत त्याचा तिसरा हिस्सा संपतो आणि जेवण अजून व्हायचं असतं. खारी शंकरपाळी किंवा शेव खुसखुशीत व्हावी म्हणून पाव चमचा खाण्याचा सोडा घातला, तर त्यात जवळपास ०.८ ग्रॅम मिठाइतकं सोडियम येतं. पापडखाराचंही तेच. ‘यात मीठ घातलंच नाही’ म्हणणाऱ्या घरातही सोडियम असं मागच्या दाराने येतं. हे आहारतज्ज्ञ दोन मिनिटांत समजावू शकतात. पण डिस्चार्जच्या दिवशी आहारतज्ज्ञ भेटतच नाहीत, भेटतो तो छापील कागद.

लाडवाचंही तसंच. अर्धा किलो बेसन, ३०० ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर घेतली आणि ३० ग्रॅमचे लाडू वळले, तर ४० लाडू होतात. एका लाडवात १० ग्रॅम साखर, साडेसात ग्रॅम तूप आणि १२ ग्रॅमच्या आसपास बेसन. सगळी मिळून कर्बोदकं १७ ग्रॅमच्या घरात, म्हणजे एका लहान पोळीपेक्षा थोडी कमी. मग इन्सुलिनवरच्या माणसाला सांगता येतं : १५ ग्रॅमचा लाडू वळा, न्याहारीबरोबर एक द्या, त्या न्याहारीतली अर्धी पोळी कमी करा. ‘गोड टाळा’ या दोन शब्दांऐवजी एवढं वाक्य लिहिलं तर रुग्ण लाडू खाईल आणि साखरही आवाक्यात राहील.

कागदावर उत्तर नसलं की घरं आपापली उत्तरं शोधतात, आणि त्यातली काही धोक्याची असतात. सैंधव हे मिठाला पर्याय समजून वापरलं जातं. तेही सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मीठ आणलं जातं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमजोर असलेल्या माणसाला, किंवा रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशा रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याला ते मीठ जिवावर बेतू शकतं, कारण या गोळ्याच शरीरात पोटॅशियम अडवून ठेवतात. ‘शुगर-फ्री’ मिठाईत अनेकदा माल्टिटॉल असतं. त्याने साखर थोडी वाढतेच, शिवाय जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. घरी साखरेऐवजी कृत्रिम गोडीची पूड घालून बेसनाचा लाडू करायला गेलं तर लाडू पसरतो, कारण पिठीसाखर नुसती गोडी देत नाही, तूप धरून ठेवायचं कामही करते. त्यापेक्षा खऱ्या साखरेचा, पण अर्ध्या आकाराचा लाडू सरळ.

आमच्या बाजूने जे करता येतं ते आम्ही करतो. ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी इथेच लिहितो. रुग्णाच्या चकल्यांचा घाणा वेगळा : १ वाटी भाजणी, चहाचा सपाट पाव चमचा मीठ, २ चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, ओवा आणि तीळ नेहमीपेक्षा सढळ. दहा चकल्या होतात, एकीत साधारण ०.१५ ग्रॅम मीठ. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगडासारखी होते. मीठ कमी केल्याने पोत बिघडत नाही, म्हणून तिथे हात आखडायला हरकत नाही. चिवड्याचे पातळ पोहे तळण्याऐवजी भाजून घ्यायचे, हळद-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीत परतायचे आणि मीठ घालण्याआधी रुग्णाचा वाटा डब्यात काढून ठेवायचा. खाताना वरून चिमटीभर मीठ भुरभुरलं की जिभेला ते पुरेसं वाटतं, कारण आतलं मीठ चवीला उशिरा लागतं आणि वरचं लगेच. किडनीच्या रुग्णाच्या करंजीत सुक्या खोबऱ्याऐवजी भाजलेला रवा, साखर आणि वेलची. विकतचा फराळ असेल तर पाकिटामागे सोडियमचा आकडा बघायचा आणि त्याला अडीचने गुणायचं : १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. सुट्या, किलोवर मिळणाऱ्या फराळावर हा आकडा नसतो, म्हणून तो रुग्णाच्या ताटात नाही. आणि चार दिवसांचे चार लहान डबे, झाकणावर वार लिहून. मोठ्या डब्यात हात गेला की हिशेब संपला.

एवढं आम्ही करतो. यात घालायचा आकडा, ‘आमच्या माणसाला किती’, तो मात्र तुमच्याकडूनच यायला हवा. आम्ही कितीही मोजमाप केलं तरी तो आम्हाला ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो आहारापेक्षा जास्त धोक्याचा आहे. नरक चतुर्दशीला घर पहाटे साडेचार-पाचला उठतं, उटणं लावून अभ्यंगस्नान होतं, कारीट फुटतं आणि उजाडायच्या आत फराळ. रुग्णाचं मिश्र इन्सुलिन सकाळी आठचं. मग पहाटेचा फराळ इन्सुलिनशिवाय होतो आणि आठला घेतलेल्या इन्सुलिनवर धड न्याहारी होत नाही. आधी साखर तीनशेवर, मग अकराच्या सुमाराला घाम फुटून हात थरथरायला लागतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांचंही असंच. त्या दिवशी डोस फराळाबरोबर पुढे घ्यायचा का, संध्याकाळचा डोस किती वाजता, की पहाटे नुसता चहा घेऊन रुग्णाचा फराळ आठलाच करायचा, हे त्या रुग्णाच्या औषधांवर अवलंबून आहे आणि ते लिहून मिळायला हवं. त्याबरोबर एक ओळ हवीच : साखर ७० च्या खाली गेली तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. त्या वेळी लाडू देऊ नका, कारण तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. हे बहुतेक घरांना माहीत नसतं. साखर उतरली की सणाच्या दिवशी हाताशी असतो तो लाडूच दिला जातो आणि मौल्यवान मिनिटं जातात.

डायलिसिसबद्दल तर आम्ही हात जोडून लिहितो. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. या वेळापत्रकात दर आठवड्याला एक मोठं अंतर आधीच असतं आणि त्याच्या शेवटी रुग्णाची अवस्था सर्वांत नाजूक असते. लक्ष्मीपूजन सोमवारी आलं, तंत्रज्ञ सुट्टीवर गेले आणि ‘मंगळवारी या’ असा फोन आला, की शुक्रवारनंतर थेट मंगळवार. मधल्या तीन दिवसांत घरात फराळ, पाहुणे आणि सरबत. साधारण ९ ग्रॅम मीठ शरीरात गेलं की ते एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि एक लिटर म्हणजे वजनकाट्यावर एक किलो. पाण्याने धाप लागते, ती निदान कळते. पोटॅशियम वाढलेलं पुष्कळदा कळतच नाही, थेट हृदयाचा ठोका बिघडतो. अशी पाळी आदल्या संध्याकाळच्या फोनवर हलवली जाते, हे आम्हाला मान्य नाही. सुट्टी कर्मचाऱ्यांनाही हवी, त्यांचीही घरं आहेत, त्यांच्याही घरी दिवाळी आहे. पण लक्ष्मीपूजन कधी आहे हे वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेलं असतं. पाळ्या त्या आठवड्यापुरत्या रविवारी धरून आखता येतात, एखादी पाळी पहाटेची करता येते, शेजारच्या केंद्राशी बोलून ठेवता येतं. डायलिसिस चालू असताना खायला द्यायचं की नाही याबाबतही केंद्रागणिक नियम वेगळा. काही ठिकाणी पहिल्या तासात डबा उघडू देतात, काही ठिकाणी रक्तदाब उतरतो म्हणून बंदी. दोन्हीमागे कारण आहे. आमच्या रुग्णाला काय लागू आहे, तेवढं सांगा. अन्नातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते; सकाळी दहाच्या फराळाबरोबर ती घ्यायची का, हा प्रश्न दर दिवाळीत पडतो आणि त्याचं उत्तर अर्ध्या ओळीचं आहे.

आता डिस्चार्ज. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जा’. घरी तोरण लागतं, कुणी रिक्षा किंवा गाडी ठरवतं. आणि संध्याकाळी सात वाजता आम्ही अजून बिलिंगच्या खिडकीसमोर. मधल्या वेळात काय होतं ते आम्हाला आता पाठ झालं आहे : निवासी डॉक्टर समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, लिहितात, ती टाइप होते, वरिष्ठांची सही व्हायची असते, न वापरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीत परत जातात, लॅब, एक्स-रे, शस्त्रक्रिया विभाग, भोजन विभाग एकेक करून ‘क्लिअर’ देतात, मग फायनल बिल, मग टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) टेबल, मग अपलोड, मग शंका, मग मंजुरी, मग विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे, मग गेट पास.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून ३ तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचे. भरती होतानाच्या कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा. हे नियम चांगले आहेत. पण त्यातली मेख नातेवाइकांना कुणी सांगत नाही : हे ३ तासांचं घड्याळ रुग्णालयाने कागद पाठवल्यावर सुरू होतं. डॉक्टरांच्या ‘घरी जा’पासून कागद पाठवेपर्यंत पाच तास गेले, तर ते कुठेच मोजले जात नाहीत. टीपीए म्हणतो कागद आले नाहीत, बिलिंगवाले म्हणतात मंजुरी आली नाही, आणि नातेवाईक दोन टेबलांमध्ये चालत राहतो. विनंती किती वाजता पाठवली ती वेळ आम्हाला लेखी दिली, तर उशीर नेमका कुणाचा ते त्याच दिवशी कळेल. विमा कंपन्यांकडेही एक मागणं आहे. शंका विचारायच्या तर सगळ्या एकदम विचारा. पहिल्या शंकेचं उत्तर गेल्यावर दुसरी, तिचं गेल्यावर तिसरी, असं करत लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ निघून जाते.

उशिराची किंमत पैशांपलीकडचीही असते. संध्याकाळी सातला सुटलेला रुग्ण लक्ष्मी रस्त्याच्या, सिंहगड रस्त्याच्या दिवाळीतल्या वाहतुकीतून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. संध्याकाळचं इन्सुलिन चुकलेलं असतं, समरीवर लिहिलेली नवी औषधं आणायला कोपऱ्यावरचं दुकान बंद झालेलं असतं, आणि रुग्णसेवेच्या ब्युरोकडून येणारी मावशी गावाला गेलेली असते. पहिली रात्र औषधाविना. आदल्या रात्री समरीचा कच्चा मसुदा, औषधांची परतफेड आणि तोपर्यंतचं बिल तयार असेल, तर हे काम दुपारी एकपर्यंत होऊ शकतं. घरी जायचं हे बहुतेक वेळा आदल्या दिवशी ठरलेलं असतंच.

बिलावरून वाद असेल तर त्यासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हे रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ही सनद आणि दरफलक रुग्णालयात ठळकपणे लावायचे असतात. ते जिन्याखाली किंवा झाडाच्या कुंडीमागे नकोत, बिलिंगच्या खिडकीशेजारी लावा. उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, हाही २००२ पासूनचा नियम आहे. मधे दिवाळी आली म्हणून त्याचे सहा दिवस होत नाहीत. आणि विमा कंपनीने तक्रारीवर ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. हे इतर नातेवाइकांसाठी.

पुढच्या तपासणीच्या तारखांचं एक लहानसं पण फार छळणारं दुखणं आहे. ‘दहाव्या दिवशी टाके काढा’ असं लिहिलेलं असतं आणि दहावा दिवस भाऊबीजेला येतो, ओपीडी बंद. लघवीची नळी बदलायचा दिवस, ड्रेसिंगचा दिवस, रक्त पातळ करणाऱ्या औषधासाठी आयएनआर तपासायचा दिवस, सगळे असेच सुट्टीत पडतात. समरी लिहिताना समोर कॅलेंडर ठेवून तारीख आणि वार लिहिला, तर प्रश्न तिथेच मिटतो. ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो त्यांच्या बाबतीत सिलिंडर किती तास पुरेल हेही सांगा. १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साधारण बारा तास चालतो. हवेतून ऑक्सिजन देणारं विजेवरचं यंत्र वापरणाऱ्या घरात वीज गेली, तर तेवढेच बारा तास हातात असतात आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री भरलेला सिलिंडर मिळायला फार वणवण होते.

फटाक्यांबद्दल थोडक्यात : रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो आणि तिथे फटाके वाजवायला बंदी आहे. तुमच्याच फाटकासमोर माळा लागत असतील, तर पोलिसांना फोन नातेवाइकांनी का करायचा? तो सुरक्षारक्षकांना करायला सांगा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, आणि त्याआधीच्या आठवड्यात, घरी सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या समरीला मराठीतलं एक पान जोडा. त्यावर पदार्थांची नावं छापलेली असू द्या (चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, करंजी, अनारसे, बेसन लाडू, रवा लाडू, श्रीखंड) आणि प्रत्येकापुढे आहारतज्ज्ञांनी हाताने आकडा घालावा : दिवसाला किती नग, कोणत्या वेळी, कशाच्या बदल्यात. शून्य असेल तर शून्य लिहा आणि कारण दोन शब्दांत. दिवसाचं मीठ ग्रॅममध्ये आणि चमच्यात, पाणी मिलिलिटरमध्ये आणि पेल्यांत. एका रुग्णाला दहा मिनिटं लागतील.

दोन. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या गोळ्यांवरच्या रुग्णांना अभ्यंगस्नानाच्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं लिहून द्या, साखर उतरल्यास काय करायचं या ओळीसह. हृदयाच्या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याच पानावर हवा.

तीन. डायलिसिसच्या दिवाळीतल्या पाळ्या पंधरा दिवस आधी फलकावर लावा. कुणाच्याही दोन पाळ्यांमधलं अंतर नेहमीच्या सर्वांत मोठ्या अंतरापेक्षा वाढू देऊ नका.

चार. डिस्चार्ज आदल्या दिवशी ठरला असेल तर समरी, औषधांची परतफेड आणि बिलाचा मसुदा रात्रीच पूर्ण करा. विमा कंपनीला विनंती पाठवल्याची वेळ नातेवाइकाला शिक्क्यासह लिहून द्या. विमा कंपन्यांनी सर्व शंका एकाच वेळी विचाराव्यात, आणि दिवाळीच्या दिवसांत मंजुरीचं काम पाहणारी माणसं कमी करू नयेत.

पाच. सुट्टीच्या चार दिवसांत उचलला जाईल असा एक फोन ठेवा. पलीकडे रुग्णाची फाइल उघडू शकणारी परिचारिका किंवा डॉक्टर हवा. ‘ओपीडी बुधवारी सुरू होईल’ एवढंच सांगणारा ऑपरेटर नको. टाके, ड्रेसिंग आणि नळीसाठी रोज सकाळी दोन तासांची एक खोली उघडी ठेवा.

सहा. सात दिवसांची औषधं जास्त लिहून द्या. मॉर्फिनसारख्या ज्या औषधांना नवी चिठ्ठी लागते, त्यांची चिठ्ठी धनत्रयोदशीच्या आधी द्या, कारण वेदना सुट्टी घेत नाहीत आणि दुकानदार जुन्या चिठ्ठीवर ती देऊ शकत नाही, द्यायलाही नको.

सात. जे रुग्ण दिवाळीत वॉर्डातच असतील त्यांना बाहेरचं अन्न बंद असतं, ते आम्हाला समजतं. मग तुमच्या स्वयंपाकघरातून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्यांच्या पथ्यात बसेल असं काहीतरी एक फराळाचं ताटात ठेवा. ज्याला चकली चालते त्याला एक चकली, ज्याला चालत नाही त्याला चमचाभर श्रीखंड.

यातली बहुतेक कामं नवीन यंत्र किंवा नवीन इमारत मागत नाहीत. आहारतज्ज्ञ तुमच्याकडे आहेत, कॅलेंडर भिंतीवर आहे, नियम छापलेले आहेत. पहिल्या मागणीतलं पान कसं असावं, त्याचा नमुना करायला आम्ही तुमच्या आहारतज्ज्ञांसोबत बसायला तयार आहोत. कोणत्या घरात चकली केवढी वळतात आणि चमचा केवढा असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या रुग्णालयांना हे मान्य आहे त्यांनी दसऱ्यापर्यंत आपल्या दर्शनी फलकावर तसं लिहावं, म्हणजे भाजणी दळायला टाकायच्या आधी आम्हाला कळेल.

आपले,
घरी आजारी माणूस असलेले पुण्यातील काही नातेवाईक